पंप पेटीत, दम चुलीपाशी

आदरणीय डॉक्टरबाई, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वय २४. लग्नाला दोन वर्षं झाली, आता पाचवा महिना सुरू आहे. मला नववीत असल्यापासून दमा आहे. लग्न जुळताना माहेरच्यांनी ही गोष्ट सांगितली नाही, मीही गप्प राहिले. मागच्या दिवाळीत नवऱ्याला कळलं. ते रागावले नाहीत, तेव्हापासून गुपचूप तालुक्याहून पंप आणून देतात. सासू-सासऱ्यांना मात्र वाटतं, दिवस गेल्यामुळे दम लागतो आहे.

माझ्याजवळ दोन पंप आहेत. निळा मी लागेल तसा घेते. दुसरा रोज दोन वेळा घ्यायला सांगितला होता, पण दिवस राहिल्यावर भीती वाटली म्हणून बंद केला. दोन्ही पंप खोलीतल्या पेटीत कपड्यांखाली ठेवते. सध्या आठवड्यातून तीन-चार रात्री पहाटे छाती दाटून येते, शिट्टी वाजते. फारच झालं तर गावातले डॉक्टर सुई अन् गोळ्या देतात, मग आठ दिवस बरं जातं. सोयाबीन निघालं की दरवर्षी त्रास वाढतो.

गावातल्या डॉक्टरांनी एकदा पंपाचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "पंप तोंडाले लागला का मंग जलमभर सुटत नाही. त्यापरीस कोजागिरीचं औषध घेऊन टाक, तीन साल घेतलं का दमा मुळातून जाते." त्या वाईट नाहीत, माझ्या काळजीनेच बोलतात. पंपाने पोटातल्या बाळाला काही होईल का? कोजागिरीचं औषध घेऊ का? बाळालाही दमा होईल का? आणि पुढे अंगावर पाजताना पंप चालतो का? नाव छापू नये ही विनंती.

— एक वाचक, जि. यवतमाळ

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचे थांबू शकतात. पंपाने बाळाला काही होत नाही. काळजी वाटते ती तुम्ही रोजचा पंप बंद केला याची.

पोटातल्या बाळाला प्राणवायू मिळतो तो तुमच्या रक्तातून. पहाटे तुमची छाती दाटते तेव्हा तुमच्या वाट्याचा कमी होतो आणि त्याच्याही. गरोदरपणात दमा ताब्यात नसेल तर वेळेआधी बाळंत होणं, बाळाचं वजन कमी भरणं, आईचा रक्तदाब वाढणं हे प्रकार जास्त होतात. तोच दमा औषधाने नीट ताब्यात ठेवला तर बहुतेक बायकांचं बाळंतपण चारचौघींसारखंच पार पडतं. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आणि रोजच्या पंपात असणारी ब्युडेसोनाइडसारखी औषधं जगभरातल्या गरोदर बायका कितीतरी वर्षांपासून घेत आल्या आहेत. त्यातही ब्युडेसोनाइडचा गरोदरपणातला अनुभव सगळ्यांत मोठा आहे. तुमच्या दुसऱ्या पंपावर कोणतं नाव आहे हे पत्रात नाही, म्हणून दोन्ही पंप पिशवीत टाका आणि याच आठवड्यात तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवा. मधल्या दिवसांत तो दुसरा पंप, मुदत संपलेली नसेल तर, आधी सांगितला होता तसा पुन्हा सुरू करा. कोजागिरीपर्यंत थांबू नका.

याच आठवड्यात, असं म्हणते त्याला कारण आहे. गरोदरपणात दमा असलेल्या बायकांपैकी साधारण एकतृतीयांश जणींचा त्रास कमी होतो, एकतृतीयांश जणींचा आहे तसाच राहतो आणि उरलेल्यांचा वाढतो. तुम्ही तिसऱ्या गटात दिसता. दमा ताब्यात आहे की नाही हे ओळखायला मोठी तपासणी लागत नाही. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप काढावा लागतो का, आणि दम्याने रात्री झोप मोडते का, एवढं स्वतःला विचारायचं. तुमची झोप आठवड्यातून तीन-चार रात्री मोडते आहे.

आता हा रोजचा पंप कशासाठी, ते समजून घ्या, म्हणजे तो पुन्हा सोडावासा वाटणार नाही. दम्यात श्वासनळ्यांना आतून कायमची बारीक सूज असते. त्या सुजेमुळे नळ्या हळव्या होतात. धूळ, धूर, गार वारा, सर्दी, काहीही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट बेडका साठतो आणि हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. शिट्टी ऐकू येते ती या अरुंद झालेल्या वाटेची. निळा पंप आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप, आणि त्याला आठवडे लागतात. त्यामुळे तो घेतल्यावर लगेच काही वाटत नाही आणि बंद केल्यावरही लगेच काही बिघडत नाही. माणूस फसतो तो इथेच. तुमच्या घरी कपाशी असेलच. गुलाबी बोंडअळी आत शिरलेली असते तेव्हा बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, आणि फुटल्यावर कळतं तेव्हा फवारून उपयोग नसतो. दम न लागणाऱ्या दिवसांतला दमा तसा असतो.

नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि आराम त्यानेच पडतो म्हटल्यावर त्यांना दोष तरी कसा द्यायचा. पण २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सुजेचं औषध सोबत हवंच. निळ्या पंपात साधारण दोनशे फवारे असतात. वर्षात असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. तुमचे किती संपले ते नवऱ्याला विचारा. आणून तेच देतात, त्यांना अंदाज असेल. हल्ली काही डॉक्टर दोन औषधं एकत्र असलेला एकच पंप देतात, रोजही तोच आणि दम लागला तरी तोच. तुमच्यासाठी काय बरं, हे तपासून तेच ठरवतील.

सुई आणि गोळ्यांचं म्हणाल, तर गावातले डॉक्टर वाईट हेतूने देत नाहीत. समोर बाई धापा टाकते आहे म्हटल्यावर काहीतरी करावंच लागतं. पण त्या सुईत बहुतेक वेळा स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, असतं, म्हणून आठ दिवस बरे जातात. रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे म्हणून घाबरायचं आणि सुईतून तेच कितीतरी मोठ्या मात्रेत सगळ्या अंगात घ्यायचं, हे गणित काही जुळत नाही. गोळ्यांचंही तसंच. निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. तेच औषध गोळीतून घेतलं तर एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकं. गोळी आधी पोटात, मग रक्तात, मग सगळीकडे जाते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थेट जिथे लागतो तिथे जातो. आपल्या माणसांना मात्र गोळी गिळली की औषध घेतल्यासारखं वाटतं आणि पंपाची फुस्स हवेत विरल्यासारखी. एक मात्र लक्षात ठेवा. मोठा झटका आला आणि दवाखान्यात स्टेरॉइडची गोळी किंवा सुई द्यावीच लागली, तर गरोदर आहे म्हणून नाही म्हणू नका. तेव्हा ती बाळासाठीही लागते.

हवेत विरण्यावरून विचारते, तुम्ही पंप घेता कसा? चोरून घेणारं माणूस घाईत घेतं, आणि घाईत घेतलेला पंप निम्मा जिभेवर बसतो. पंप आधी चांगला हलवायचा. ताठ बसून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. पंपाचं तोंड दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. मग सावकाश श्वास आत ओढायला सुरुवात करून त्याच क्षणी दाबायचं, आधीही नाही अन् नंतरही नाही, आणि ओढत राहायचं. छाती भरली की मनात दहापर्यंत मोजेस्तोवर श्वास धरायचा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र असेल तर त्याची रीत उलटी. त्यात श्वास जोरात आणि झटक्यात ओढावा लागतो.

दाबणं आणि ओढणं एका वेळी जमणं शिकलेल्या माणसांनाही कठीण जातं, म्हणून मेडिकलमधून स्पेसर घ्या. दोन्ही बाजूंनी उघडा असा तो प्लास्टिकचा भोपळा असतो. एका तोंडाला पंप लावायचा, दुसरं आपल्या तोंडात. एक फवारा मारायचा आणि चार-पाच वेळा शांतपणे श्वास घ्यायचा. घेणं शक्य नसेल तर थंड पेयाची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली चालते. एक तार पंपाच्या तोंडाच्या मापाने वाकवून गरम करायची आणि बाटलीच्या बुडाला तेवढंच छिद्र पाडायचं. पंप त्यात घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टी लावा. आतले प्लास्टिकचे कण झाडून बाटली साबणाच्या पाण्याने धुवायची आणि पुसायची नाही, तशीच निथळू द्यायची. पुसली तर औषध आतल्या बाजूला चिकटून बसतं. हा जुगाड माझा नाही. दक्षिण आफ्रिकेत दम्याचा झटका आलेल्या मुलांवर तो तपासून पाहिला गेला, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घट्ट बसवलेली अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा. "येतं मला" म्हणून पिशवी उचलून येऊ नका.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ती पेटी. दम लागतो चुलीपाशी, अंगणात, शेतात, आणि पंप असतो आतल्या खोलीत कपड्यांच्या तळाशी. पहाटे तीन वाजता दिवा न लावता, कडीचा आवाज न करता पेटी उघडायची, तोवर छाती आणखी आवळते. निळा पंप कमरेच्या बटव्यात हवा. रोजचा पंप दात घासायच्या सामानाजवळ, म्हणजे विसरत नाही आणि चूळही तिथेच भरून होते. पण तिथे ठेवायचा म्हणजे घरात सांगावं लागेल, आणि पत्रात तुम्ही नेमका हाच प्रश्न विचारलेला नाही.

सांगा, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नाआधी का लपवलं यावर मी काही बोलणार नाही. पंपवाली पोरगी म्हटलं की स्थळं कशी परत जातात हे मला माहीत आहे. पण आता हे लपवणं तुमच्या एकटीपुरतं उरलेलं नाही. बाळंतपणात रक्तस्राव थांबत नसेल तर कार्बोप्रोस्ट नावाचं एक इंजेक्शन देतात. फार कामाचं औषध आहे, कितीतरी बायकांचे जीव त्याने वाचतात. मात्र दमा असलेल्या बाईला त्याने श्वासनळ्या आवळून मोठा झटका येऊ शकतो, म्हणून तिला ते टाळून दुसरं देतात. हे टाळायला डॉक्टरांना आधी कळायला हवं. त्या वेळी तुम्ही सांगण्याच्या स्थितीत नसाल आणि बाहेर बसलेल्या सासूबाईंना माहीतच नसेल, तर कोण सांगणार? तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर 'दमा' हा शब्द आणि दोन्ही पंपांची नावं आजच नर्सबाईंकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या. अंगदुखीची, डोकेदुखीची गोळी घेतानाही दमा आहे हे सांगायचं. ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या गोळ्यांनी काहींचा दमा उसळतो, आणि गरोदरपणात त्या मनाने घ्यायच्याही नसतात.

सांगायचं कोणी? तुमच्या नवऱ्याने. आईला कसं आणि केव्हा सांगायचं हे लेकाला कळतं, आणि दिवाळीपासून हे गुपित त्यांचंही आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर असतात, पैसे लागत नाहीत. त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या. 'पंप लेकरासाठी चांगला आहे' हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं आणि सुनेच्या तोंडून ऐकणं यात फरक पडतो, तुम्हाला काय सांगायचं. "नववीपासून" हा तपशील त्याच दिवशी बाहेर आला पाहिजे असंही नाही. दमा आहे आणि पंप लागतो, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

सासूबाईंचं म्हणणं मात्र खुळचट म्हणून झटकू नका. त्यांच्या उमेदीच्या काळात पंप लागायचा तो घरातल्या म्हाताऱ्याला, वीस-तीस वर्षं विडी ओढून आणि धूर गिळून छाती पार खराब झाल्यावर. पंप आला आणि वर्षा-दोन वर्षांत माणूस गेलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. मग पंप म्हणजे शेवटची पायरी, असंच मनात बसणार. विडीने छाती जाणं हा बऱ्याचदा वेगळा आजार असतो, त्यालाही गावात दमाच म्हणतात. आणि सवयीचं म्हणाल तर पंपाची नशा नसते, तलफ येत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहतं. साखरेची गोळी रोज घेणाऱ्याला आपण सवय लागली म्हणत नाही. दमा बराच काळ शांत राहिला की डॉक्टर रोजच्या पंपाची मात्रा कमीही करतात. फक्त ते आता, गरोदरपणात नको.

कोजागिरीच्या औषधाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. आपल्या भागात किती गावांमध्ये त्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देतात, किती लांबून माणसं येतात, रात्रभर जागतात. देणारे बहुतेक ठिकाणी फुकट देतात, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती श्रेयाबद्दल. कोजागिरी येते आश्विनात, ऐन सोयाबीनच्या हंगामात. माणसाला सगळ्यांत जास्त दम लागत असतो तेव्हाच तो औषधाला जातो. पुढच्या काही आठवड्यांत मळणी आटोपते, गाजरगवत वाळतं, धूळ खाली बसते आणि दम आपोआप उतरतो. श्रेय मिळतं खिरीला. पुढच्या वर्षी पुन्हा लागला तर "तीन साल घ्यावं लागते" हे उत्तर तयारच असतं. मृगाला हैदराबादला जिवंत मासळीतून औषध घ्यायला जाणाऱ्यांचंही असंच. दमा हा मुळात चढ-उतारांचा आजार, उताराच्या तोंडाशी जे केलं ते लागू पडल्यासारखं वाटतं.

तुमच्यासाठी माझं उत्तर नाही असंच आहे. पुडीत काय आहे हे कोणी सांगत नाही, आणि तुम्ही पाच महिन्यांच्या गरोदर आहात. दम्याच्या अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत. शिवाय औषध घेतल्यावर बाकीची औषधं बंद ठेवायचं पथ्य काही ठिकाणी सांगतात, तुम्हाला ते परवडणार नाही. उघड्यावर गार वाऱ्यात रात्रभर बसायचं ते वेगळंच. सासूबाईंचं मन राखायचं तर घरच्या दुधाची खीर घरात बसून खा. दही, केळी, भात सोडू नका. दम्यात 'थंड' म्हणून हे सगळं बंद करायची रीत आहे, पण एखाद्या पदार्थाने तुम्हाला दरवेळी हमखास त्रास होत असेल तरच तो टाळायचा. आत्ता पोटभर खाणं गरजेचं आहे.

सोयाबीन निघालं की त्रास वाढतो हे तुम्ही बरोबर हेरलं आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरून गेले. कारण सापडेना. पुढे लक्षात आलं की हे दिवस बंदरात सोयाबीनची जहाजं उतरण्याचे होते. कोठारावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्याने शहरावर पसरत होती. गाळणी बसवल्यावर साथी थांबल्या. आपल्याकडे तेच टरफल थ्रेशरमधून उडतं आणि आपण त्या ढगातच उभे असतो. तुमच्या दम्याचं मूळ नेमकं तेच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण दरवर्षीचा तुमचा अनुभव त्याच बाजूला बोट दाखवतो. तेव्हा यंदा थ्रेशरजवळ जायचं नाही, आणि कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरायला तर नाहीच. कुटार दमट राहिलं की त्यात बुरशी धरते, ती आणखी वाईट. तोंडाला पदर बांधला की झालं असं समजू नका, बारीक धूळ कापडातून सहज जाते. फवारणी चालू असलेल्या शेतातही पाय ठेवू नका. तिथे छाती दाटली आणि त्यासोबत तोंडाला लाळ सुटली, उलटी झाली, नजर अंधुक झाली, तर तो दमा समजून पंप मारत बसू नका, ती विषबाधा असू शकते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तडक दवाखाना गाठायचा.

आता होतं असं की सुनेला शेतातून सूट मिळते ती "घरी राहून मजुरांचा सैपाक कर" या अटीवर. आणि सैपाक पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. गॅस घरात असतो, पण तो चहापुरता अन् पाहुण्यांपुरता, कारण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी-तुऱ्हाटी धुऱ्यावर फुकट पडलेली असते. धूर थ्रेशरच्या धुळीपेक्षा कमी वाईट नाही, आणि तो रोज दोन वेळा असतो. या चार-पाच महिन्यांत तुमच्या वाट्याचा सैपाक गॅसवर झाला पाहिजे. हे नवऱ्याकडून मागून घ्या. सुई-गोळ्यांना गेलेले पैसे आणि तालुक्याच्या फेऱ्या मोजल्या तर सिलिंडर महाग वाटणार नाही. चुलीवर पाणी तापवायचंच असेल तर ते दुसऱ्या कोणी अंगणात तापवावं. दसऱ्या-दिवाळीची झाडझूड आणि चुना लावणं यंदा तुमच्याकडे नको. डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा.

एवढं करूनही झटका आलाच तर आडवं पडू नका. ताठ बसा, निळा पंप स्पेसरमधून एक-एक करत चार फवारे घ्या, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार-पाच मिनिटं थांबा, आराम नसेल तर पुन्हा चार. तरीही फरक नसेल तर १०८ ला फोन करायचा, आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात असेल, तर थांबून बघत बसायचं नाही. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: दम तसाच असताना शिट्टी एकदम बंद झाली तर ते बरं वाटण्याचं लक्षण नसतं, हवाच आत-बाहेर होत नसते. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असो की पहाट, तेव्हाच निघायचं.

बाळाला दमा होईल का? आईला असेल तर शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते, पण होतोच असं मुळीच नाही. त्या बाबतीत तुमच्या हातात आहे ते बाळाभोवती धूर न होऊ देणं, चुलीचा आणि सासऱ्यांच्या विडीचाही, ओढत असतील तर.

अंगावर पाजताना दोन्ही पंप चालतात. औषधाचा दुधात उतरणारा अंश अगदी नगण्य असतो, पाजण्याआधी की नंतर असा हिशेब ठेवायचा नाही. मला धास्ती आहे ती बाजेखालच्या शेगडीची आणि ओवा-बाळंतशेपाच्या धुरीची. बंद खोलीत निखारे आणि धुरी, हे तुमच्या छातीला नको आणि बाळाच्या त्याहून नको. अंग शेकायचंच तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. पहिलं बाळंतपण माहेरी असेल, तुमच्या आईला दमा माहीत आहेच. सातव्या महिन्यात न्यायला येईल तेव्हाच तिला हे सांगून ठेवा.